लाईट बिल एकदम वाढून आलंय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी आधी हे बघा

गेल्या काही दिवसांत ओळखीतल्या पाच-सहा जणांनी बिलाचा फोटो पाठवून एकच विचारलंय, "एवढं कसं काय आलं वो, आता काय करू?" कुणाचं दरवेळी शून्य यायचं ते १,७०० आलंय, कुणाचं पाचशेचं तीन हजार झालंय. प्रत्येकाला तेच तेच टाईप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी वायरमन नाही, वकीलही नाही, पण २०२५च्या पावसाळ्यात आमच्या घरी हे झालं आणि ते निस्तरताना बरंच वाचलं, विचारलं, दोन-चार हेलपाटे पण घातले.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण इथेच लोक चुकायलेत. मराठीत शोधलं की जे व्हिडिओ आणि मेसेज मिळतात ते सगळे महावितरणचे असतात. शंभर युनिटपर्यंत हा रेट, तीनशेपर्यंत तो रेट, स्लॅब ओलांडला म्हणून बिल वाढलं वगैरे. चंदगडचा मेहुणा किंवा कागलची आत्या पण तेच सांगणार, त्यांच्याकडे तसंच आहे म्हणून. पण आपलं कनेक्शन हेस्कॉमचं, म्हणजे हुबळीच्या वीज कंपनीचं, दर ठरवतो कर्नाटक वीज नियामक आयोग, आणि इथे घरगुती स्लॅब एप्रिल २०२४ पासून बंद झालेत. पहिला युनिट असो की तीनशेवा, रेट एकच. तेव्हा ५ रुपये ९० पैसे होता, १ एप्रिल २०२५ला ५ रुपये ८० पैसे झाला. हुक्केरी तालुक्यातल्या बऱ्याच गावांचं आणखी वेगळं, तिथे ग्रामीण विद्युत सहकारी संघाची वीज आहे, त्यामुळे तिथल्यांनी तक्रारीला संघाच्या ऑफिसलाच जायचं. म्हणजे बिलावर कुणाचं नाव आहे ते बघूनच पुढचं सगळं.

आता बिल हातात घ्या, शक्यतो त्याच दिवशी. ड्यू डेट निघून गेली की महिन्याला एक टक्का व्याज लागतं ते एक, आणि उशिरा गेलात की "इतके दिवस काय करत होता" हे ऐकावं लागतं ते दुसरं.

बिल कन्नडमध्ये असतं, मधे मधे इंग्रजी. आपल्यातल्या बऱ्याच घरांत आई-वडील फक्त खालची रक्कम बघतात आणि भरून टाकतात, वरचं कुणी वाचतच नाही, खरी माहिती तर वर असते. आठ-दहा शब्द आले तरी भागतं. हिंदिन मापन म्हणजे मागचं रीडिंग, इंदिन मापन म्हणजे आत्ताचं, बळके म्हणजे वापर, म्हणजेच तुमचे युनिट. निगदित शुल्क म्हणजे फिक्स चार्ज, विद्युत् शुल्क म्हणजे युनिटचे पैसे, तेरिगे म्हणजे टॅक्स. बाकी म्हणजे बाकीच, तो शब्द आपलाच, आणि बड्डी म्हणजे व्याज. हेच्चुवरी म्हणजे जादा, आणि त्याच ओळीत ठेवणी दिसली तर ते जादा डिपॉझिट. मोत्त म्हणजे रक्कम. आरआर नंबर म्हणजे तुमच्या कनेक्शनचा नंबर, तो कुठेतरी लिहून ठेवा, प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा तोच विचारतात.

मग बिल घेऊन मीटरजवळ जा आणि मीटरच्या आकड्याचा फोटो काढा. मीटरवर युनिटच्या बाजूला केडब्ल्यूएच लिहिलेलं असतं, आकडे फिरून फिरून येतात, तारीख येते, व्होल्टेज येतं, केडब्ल्यूएच दिसेल तेव्हाच फोटो. मीटरचा आकडा बिलातल्या इंदिन मापनपेक्षा थोडा जास्त पाहिजे, कारण रीडिंग घेऊन दोन-चार दिवस झालेले असतात. तो कमी असेल तर रीडिंगच चुकलंय, ही सगळ्यात सोपी केस, फोटो दाखवला की दुरुस्त होते. मीटर नंबर पण जुळवा. तीन-चार मीटर एकाच बोर्डावर असलेल्या घरात वरच्याचं रीडिंग खालच्याला लागलेलं मी स्वतः बघितलंय.

तारखा पण बघा, मागचं रीडिंग कधीचं, आत्ताचं कधीचं. तीस दिवसांच्या जागी पस्तीस दिवस झाले असतील तर युनिट वाढणारच, आणि हे पाच दिवस आपल्याकडे किती महाग पडू शकतात ते पुढे येतंय.

युनिट तेवढेच आणि रुपये वाढलेत?

मागच्या दोन-तीन बिलांशी फक्त बळकेचा आकडा ताडून बघा, रुपये नको. युनिट जवळपास तेवढेच असतील तर घरात बिघाड शोधत बसू नका, गडबड कागदावर आहे. मागची बाकी आली असेल. ऑनलाइन पेमेंट अडकलं, पैसे खात्यातून गेले पण तिकडे जमा झाले नाहीत, असं होतं, तर बँकेचा ट्रान्झॅक्शन नंबर घेऊन जा. किंवा डिपॉझिट लावलं असेल. डिपॉझिट तुमच्या साधारण दोन महिन्यांच्या बिलाएवढं ठेवायचा नियम आहे, वर्षाच्या वापरावर हिशेब करून कमी पडत असेल तर जादा मागतात. ते पैसे बुडत नाहीत, त्यावर व्याज मिळतं आणि ते बिलात वजा होतं, पण ज्या महिन्यात येतं त्या महिन्यात धक्का बसतो. घर बंद असेल तर रीडरने दरवाजा बंद म्हणून सरासरीचं बिल टाकलेलं असतं, आणि मग खरं रीडिंग घेतल्यावर राहिलेले युनिट एकदम येतात. गोव्याला, पुण्याला कामाला गेलेल्यांच्या घरी हे हमखास. अशा वेळी जितक्या महिन्यांचे युनिट साचलेत तितक्या महिन्यांत वाटून हिशेब करून मागा.

फिक्स चार्ज किलोवॅटवर असतो, २०२५-२६ला एका किलोवॅटला महिना १४५ रुपये होता, म्हणजे मंजूर लोड तीन किलोवॅट असेल तर ४३५ रुपये वापर शून्य असला तरी लागणारच. युनिटच्या पैशावर ९ टक्के टॅक्स आहे. एप्रिल २०२५ पासून वीज कर्मचाऱ्यांच्या पेन्शन-ग्रॅच्युइटीचा युनिटमागे वेगळा आकार लागलाय, २०२५-२६ला तो ३६ पैसे होता. शिवाय इंधन आणि वीज खरेदीचा फरक म्हणून एक ओळ असते, ती महिन्या-महिन्याला बदलते. त्यामुळे "रेट तर कमी झाला मग बिल का वाढलं" हा प्रश्न पडतो तो बरोबरच आहे, रेट दहा पैसे उतरला आणि बाकीच्या ओळी चढल्या. २०२३च्या जूनची आठवण असेल तुम्हाला, दरवाढीचा आदेश मे महिन्यात आला आणि लागू झाला एप्रिलपासून, मग मागचा फरक एकदम बिलात आला आणि घरोघरी रडारड झाली, हुबळीच्या कर्नाटक चेंबरने २२ जूनला बंद पुकारला होता. म्हणजे बिल वाढलं की दरवेळी मीटरच खराब असतं असं नाही.

गृहज्योतीचे २०० युनिट

आता आपल्याकडची सगळ्यात मोठी भानगड. गृहज्योती ही कर्नाटक सरकारची घरगुती फुकट विजेची योजना, पण ती म्हणजे २०० युनिट सरसकट फुकट असं बऱ्याच जणांना अजून वाटतंय. तसं नाही ते. एप्रिल २०२२ ते मार्च २०२३ या वर्षातली तुमची महिन्याची सरासरी, त्यावर १० टक्के, एवढाच तुमचा हक्क. सरासरी १२० असेल तर १३२ युनिट फुकट. ज्यांची सरासरी ४८ पेक्षा कमी होती त्यांना नंतर १० टक्क्याऐवजी १० युनिट वाढवून दिले. त्या वर्षाचा रेकॉर्डच नाही अशा नव्या घरांना ५३ची सरासरी धरून ५८ युनिट.

हक्कापेक्षा जास्त पण २०० च्या आत वापरलं तर वरच्या तेवढ्याच युनिटचे पैसे. आणि २०० ओलांडलं की त्या महिन्याची सवलत पूर्ण जाते, पहिल्या युनिटपासून सगळं बिल तुमचं.

२०२५-२६च्या दराने हिशेब करून दाखवतो. हक्क १३२, मंजूर लोड दोन किलोवॅट. वापर १९९ झाला तर ६७ युनिटचे पैसे, टॅक्स आणि ३६ पैसे धरून साधारण साडेचारशे. वापर २०१ झाला तर २०१ युनिटचे ११६६, टॅक्स १०५, पेन्शनचे ७२, फिक्स चार्ज २९०, म्हणजे १,६३० च्या वर. दोन युनिटसाठी जवळपास बाराशे रुपयांचा फरक. इस्त्री दोन तास जास्त चालली तरी दोन युनिट होतात! म्हणून ते रीडिंगचे दिवस मोजायला सांगितलं. तुमचे २०८ युनिट ३४ दिवसांचे असतील तर २०८ भागिले ३४ गुणिले ३०, म्हणजे १८४ येतात. हा हिशेब तारखांसकट अर्जात लिहा आणि तीस दिवसांप्रमाणे बिल बघायची मागणी करा. तोंडी सांगून कुणी मनावर घेत नाही, कागदावर आकडे मांडले की बघतात.

भाडेकरूंनी आणखी एक बघायचं. एका आधारला एकच कनेक्शन. घर बदललं आणि जुन्या घराला तुमचं आधार तसंच राहिलं तर नव्या घराला सवलत लागत नाही आणि पूर्ण बिल येतं. सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवरून जुनं डी-लिंक करून नवं जोडता येतं. घरमालकाशी भांडण्याआधी हे बघून घ्या.

वडगाव, शहापूर, खासबागला ज्यांच्या घरातच माग आहेत त्यांचा विषय वेगळा आहे, तिथे मागाचं मीटर आणि घराचं मीटर दोन्ही असतात. फक्त एवढं तपासा की घरातला कुठला पॉईंट मागाच्या मीटरवर किंवा उलट जोडलेला नाही ना. जुन्या घरांत वायरिंग पिढ्यानपिढ्या वाढत गेलेलं असतं, कुणी काय कुठे जोडलंय ते कुणालाच माहीत नसतं.

युनिटच वाढलेत? मग मीटरचा लाल दिवा बघा

आमच्या घरी हेच झालं. आमचा गृहज्योतीचा हक्क १४६ युनिट, वापर १४० च्या आसपास, दोन वर्षं शून्य बिल. २०२५च्या ऑगस्टच्या सुरुवातीला बिल आलं ३१८ युनिटचं, २,४०० च्या वर रुपये. बाबा म्हणाले मीटर बिघडलंय, मी म्हटलं रीडिंग चुकलंय, आई म्हणाली फ्रीज जुना झालाय. मीटर बघितलं तर रीडिंग बरोबर होतं. शेजारच्या काकांनी सांगितलं की दिवा मोज.

मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. मीटरच्या पाटीवर लिहिलेलं असतं, ३२०० आयएमपी किंवा १६०० किंवा ६४००, त्याचा अर्थ एवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट. रात्री साडेदहाला सगळे टीव्ही, पंखे, फ्रीज, मोबाईल चार्जरसुद्धा बंद केले, घरात अंधार, बाहेर पाऊस, आणि मी छत्री धरून मीटरसमोर मोबाईलचं टायमर लावून उभा. दिवा थांबायला पाहिजे होता. तो मिनिटाला शंभरच्या वर लुकलुकत होता. गणित असं, आमचं मीटर ३२००चं, मिनिटाला १०७ म्हणजे तासाला ६४०० म्हणजे दोन युनिट. दोन हजार वॅटचं काहीतरी सुरू आहे आणि घरात कुणालाच पत्ता नाही.

मग बोर्डातली एकेक एमसीबी, म्हणजे त्या-त्या लाईनचा छोटा स्विच, पाडत गेलो. जिन्याची पाडल्याबरोबर दिवा थांबला. गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरची बॅकअप कॉईल, ऊन नसेल तेव्हा विजेवर पाणी तापवणारी! जुलैत आठ दिवस सूर्यच दिसला नव्हता, पाहुणे आले होते, कुणीतरी जिन्यातलं बटण दाबलं, पाणी तापलं, पाहुणे गेले आणि बटण तसंच. पाणी तापलं की कॉईल आपोआप बंद होते पण कुणी बादलीभर काढलं, टाकीत थंड पाणी आलं, की पुन्हा सुरू. शंभर लिटर पाणी ३५ डिग्रीने तापवायला चार युनिट लागतात. दिवसाला पाच-सहा युनिट, महिना झाला, पावणेदोनशे युनिट तिथेच गेले. मीटरचा काही दोष नव्हता, ते बिल आम्ही पूर्ण भरलं. त्या बटणाला आता आईने लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय आणि जून ते सप्टेंबर रोज झोपताना कुणीतरी एकजण ते बघून येतो.

आपल्या भागात सोलर बहुतेक नव्या घरांवर आहे आणि पाऊस पण खानापूरकडून चार महिने उतरतो, त्यामुळे पावसाळ्यातलं बिल वाढलं असेल तर मी पहिला प्रश्न हाच विचारतो, कॉईल बंद आहे का.

दुसरा संशय संपच्या, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीच्या, मोटरवर. नळाला रोज पाणी नाही, येईल तेव्हा संप भरायचा आणि मोटर लावून वरची टाकी, असं बहुतेक घरांत. एक एचपीची मोटर तासाला पाऊण युनिट खाते, जुनी असली तर जास्तच. पूर्वी टाकी चाळीस मिनिटांत भरायची आणि आता दोन तास लागायलेत तर खालचा व्हॉल्व्ह गळतोय, किंवा मोटरच्या आतलं पाणी ढकलणारं चक्र (इम्पेलर) झिजलंय, किंवा कुठेतरी पाईप फुटून पाणी परत संपातच पडतंय. घड्याळ लावून बघा एकदा. फ्लोट खराब झाल्यामुळे टाकी वाहून जात असेल तर पाणी पण गेलं आणि वीज पण.

बाकीचं पटकन. गीझर दोन हजार वॅटचा असेल तर अर्ध्या तासाला एक युनिट. पाणी तापवायचा रॉड दीड हजारचा, चाळीस मिनिटांत एक युनिट. जुना पंखा ७५ वॅटचा, दिवसाला दहा तास म्हणजे पाऊण युनिट. एसी दीड टनाचा असेल तर रात्रभरात सहा-सात युनिट धरून चला, उन्हाळ्यात महिनाभर लावला की एकटा एसीच २०० च्या जवळ नेऊन ठेवतो. फ्रीजच्या दाराचं रबर सैल झालं असेल, दारात कागद धरून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर बदलायचं. एलईडी बल्ब बंद करून फारसा फरक पडत नाही, त्यावरून पोरांना ओरडू नका.

सगळ्या एमसीबी पाडल्या, मेन स्विच बंद, तरी दिवा लुकलुकतोय? मग मीटर आणि मेनच्या मधे काहीतरी आहे, कुणीतरी जोडणी घेतलीय किंवा वायर खराब झालीय किंवा मीटरच बिघडलंय. याच्यात स्वतः हात घालायचा नाही, मीटरचं सील तोडायचं तर अजिबात नाही, सील तुटलेलं दिसलं की चोरीचा विषय निघतो आणि मूळ तक्रार बाजूलाच राहते. भिंत ओली असताना नळाला किंवा भिंतीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर ते लीकेज आहे. आताची मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीतला करंट बघतात आणि जो जास्त त्याप्रमाणे मोजतात, त्यामुळे जमिनीत गेलेली वीजसुद्धा बिलात येते, काही मीटरवर अर्थ लिहिलेला वेगळा दिवा त्यासाठीच असतो. अशा वेळी बिलाचा विचार नंतर, आधी मेन बंद करा आणि वायरमन बोलवा, घरात माणसं आहेत, लहान पोरं आहेत. वायरमन आला की ३० मिलीअ‍ॅम्पची आरसीसीबी, म्हणजे लीकेज झालं की आपोआप पडणारा स्विच, लावूनच घ्या.

मीटर वेगाने पळतंय का हे बघायची पण एक घरगुती रीत आहे. घरातलं सगळं बंद करून फक्त एक हजार वॅटचा रॉड बादलीत लावा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला ५३ च्या आसपास लुकलुक व्हायला पाहिजे. व्होल्टेज कमी-जास्त असतं म्हणून ४८, ५५ असं आलं तरी ठीक, पण ७५-८० आलं तर मीटर तपासून मागायला तुमच्याकडे कारण आहे. त्याचा व्हिडिओ काढून ठेवा.

अर्ज कसा द्यायचा

१९१२ ला फोन करून तक्रार नोंदवा आणि नंबर लिहून घ्या, पण फोनवर थांबू नका. बिल दुरुस्तीसाठी हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसला लेखी अर्ज पाहिजेच. भाषेचं म्हणाल तर घटनेच्या कलम ३५० प्रमाणे केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे, म्हणजे मराठीत अर्ज देता येतो. तरी माझा सल्ला असा की मराठीबरोबर एक कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडा. समोरच्याला वाचता आलं की काम लवकर होतं, आणि आपल्याला तर बिल दुरुस्त करून पाहिजे. शेजारपाजारी, पोरांच्या शाळेतल्या मॅडम, दुकानदार, कुणीही चार ओळी कन्नडमध्ये लिहून देतं, आपल्याकडे असं घर नाही जिथे एकाला तरी कन्नड येत नाही. काउंटरला गेल्यावर "सर, बिल भाळ बंदैत्री, मीटर चेक माड्री" (बिल खूप आलंय, मीटर तपासा) एवढं म्हटलं तरी पुढचं बोलणं सुरू होतं, मग ते पण मोडकंतोडकं मराठी बोलतात, आपण मोडकंतोडकं कन्नड.

अर्जात नाव, आरआर नंबर, मीटर नंबर, मागच्या सहा महिन्यांचे युनिट ओळीने, या महिन्याचे युनिट, मीटरच्या फोटोतलं रीडिंग तारखेसकट, आणि शेवटी नेमकं काय पाहिजे ते. "बिल जास्त आहे, बघावं" असं मोघम नको. "रीडिंग पुन्हा घ्यावं" किंवा "मीटर तपासावं" किंवा "बाकी कशाची ते लेखी कळवावं" असं एकच मागणं. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका, ती पोचच पुढे कामाला येते.

मीटर तपासणीचा अर्ज दिला की तीस दिवसांत तपासणी व्हायला पाहिजे असं केंद्राच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांत आहे. त्यात २०२४ला आणखी एक चांगली दुरुस्ती झालीय, रीडिंगबद्दल तक्रार केली तर पाच दिवसांत जोडीला दुसरं मीटर बसवून किमान तीन महिने दोन्हींचा वापर ताडून बघायचा. हे बऱ्याच जणांना माहीत नाही, अर्जात या नियमाचा उल्लेख जरूर करा. मीटर बदललं तर जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो काढल्याशिवाय ते काढू देऊ नका.

आणि तोपर्यंत पैसे भरायचे की नाही? काहीच न भरता बसू नका. वीज कायदा २००३, कलम ५६ असं सांगतं की वाद सुरू असताना मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीएवढी रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून, म्हणजे अंडर प्रोटेस्ट भरली, तर वीज तोडता येत नाही. समजा बिल ६,००० आलंय आणि तुमची सहा महिन्यांची सरासरी ७००, तर ७०० भरायचे आणि अर्जात कलमासकट तसं लिहायचं. फोनवरून भरताना बहुतेक वेळा पूर्णच रक्कम समोर येते, म्हणून आधी अर्ज घेऊन ऑफिसला जा, मग काउंटरला भरा. तोडायची असली तरी त्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते.

बिल खरंच तुमचं आहे, युनिट वापरलेत, पण एकदम भरायला हातात पैसे नाहीत, तर त्यात लाजायचं काही नाही, उपविभागाच्या साहेबांना हप्ते पाडून मागा, लेखीच. अर्धे आत्ता भरतो आणि उरलेले तीन महिन्यांत, असं स्वतःहून सुचवलं तर बहुतेक ऐकतात. सावकाराकडून किंवा फोनमधल्या लोन अ‍ॅपवरून उचल करून बिल भरणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, नका करू तसं, एक टक्का व्याजाची बाकी त्याच्यापेक्षा कितीतरी परवडली.

सेक्शन ऑफिसमध्ये दाद लागली नाही तर उपविभाग, मग विभाग, आणि तिथेही नाही झालं तर ग्राहक तक्रार निवारण मंच. त्याला वकील लागत नाही. त्याच्यावर बेंगळूरला विद्युत लोकपाल. खूप जुनी बाकी अचानक काढली असेल तर कलम ५६(२) वाचून जा, दोन वर्षांपेक्षा जुनी आणि मधल्या बिलांत सतत न दाखवलेली रक्कम वसूल करता येत नाही. मात्र चुकून कमी लावलेलं बिल दोन वर्षांनंतरही दुरुस्त करून मागता येतं, त्यासाठी वीज तोडता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२० साली सांगितलंय, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत असू द्या.

या सगळ्या गडबडीत "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडणार, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला तर तो फसवणुकीचा आहे. असे मेसेज कुणालाही येतात, पण नेमकं बिल वाढलेलं असताना आला की माणूस घाबरून फोन लावतो, समोरचा एखादं अ‍ॅप टाकायला सांगतो आणि खातं रिकामं होतं. पंधरा दिवसांच्या नोटीसचं वर सांगितलंय ते घरातल्या वयस्कर माणसांना मुद्दाम सांगून ठेवा.

आमच्याकडे आता कॅलेंडरवर रीडिंग लिहितो. रीडर बहुतेक ६-७ तारखेला येतो, म्हणून मी ७ ला एक आकडा लिहितो आणि २२ ला दुसरा. पंधरा दिवसांत ७५ च्या आत असलो तर निवांत. ९५ च्या पुढे गेलो तर त्या पंधरवड्यात रॉड बंद, मोटर वेळ लावूनच. सप्टेंबरचं बिल १५१ युनिटचं आलं, हक्काच्या वरचे पाच युनिट, ३४ रुपये भरले.